माजी सैनिकांना युद्धस्मारकाच्या भेटीला नेताना: नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

१९७१च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, १९६५मध्ये पंजाबच्या आघाडीवर लढलेला ऐंशीच्या आसपास आहे आणि १९६२ची लढाई पाहिलेल्यांपैकी फारच थोडे आता आपल्यात आहेत. नाशिक जिल्ह्यात अशी माणसे गावोगावी भेटतात. देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिकरोडचे तोफखाना केंद्र यांमुळे निवृत्तीनंतर देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. सिन्नर, निफाड, चांदवड, बागलाण येथील शेतकरी घरांतून पलटणीत गेलेले आणि पुन्हा मळ्यात परतलेले जवानही आहेत. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, तेव्हाच १९७१ची पिढी सत्तरीला टेकली होती. त्यामुळे ज्यांच्या सोबत्यांची नावे तिथे कोरलेली आहेत, अशा कित्येकांनी ते स्मारक दूरदर्शनवरच पाहिले आहे.

त्यांना तिथे घेऊन जाण्याची इच्छा पुष्कळ मंडळांना, महाविद्यालयीन गटांना आणि गावच्या तरुणांना असते. कशी सुरुवात करावी हे कळत नसल्याने ती इच्छा बहुधा १५ ऑगस्टच्या सत्कारावरच थांबते. पुढील सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे. सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीवरून करू नये. प्रत्येक माजी सैनिकाला कोणाच्या नावापुढे उभे राहायचे आहे आणि त्याचे शरीर किती सोसू शकेल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ती करावी.

माणसे शोधणे आणि घरी जाऊन भेटणे

पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची आहे. उपक्रमाची लेखी माहिती तिथे द्यावी आणि ती माजी सैनिकांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. ते कार्यालय कोणाचे पत्ते तुमच्या हाती देणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. तालुक्यांतील माजी सैनिक संघटना, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधांच्या रांगेत बसलेली मंडळी आणि कॅंटीनला महिन्याचे सामान न्यायला येणारे निवृत्त जवान हे त्याहून जिवंत मार्ग आहेत. व्हॉट्सॲपवर संदेश फिरवून मोकळे होऊ नये, कारण ज्यांना नेणे सर्वांत गरजेचे आहे त्यांना ऐकू कमी येते, फोन नातवाकडे असतो आणि ‘आता कुठे जायचे या वयात’ असे म्हणून ते स्वतःहून नाव कधीच देत नाहीत.

वीरनारींना या यादीत सुरुवातीपासून धरावे. पतीचे नाव कोरलेली शिळा ज्यांनी कधी पाहिलेली नाही, अशा स्त्रियांचा हक्क माजी सैनिकांइतकाच आहे, असे मला ठामपणे वाटते.

नाव आले की फोनवर अर्ज भरून घेऊ नये. दोघांनी मिळून घरी जावे, तासभर तरी बसावे आणि आबा, नाना, सुभेदार साहेब, हवालदार साहेब, त्या घरात जशी हाक रुळलेली असेल तशीच मारावी. या भेटीत डोळे उघडे ठेवले तर कोणत्याही अर्जापेक्षा अधिक कळते. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांचा आधार घेतात का, ओट्याच्या पायऱ्या उतरताना कोणता पाय आधी टाकतात, बोलता बोलता दम लागतो का, रात्री किती वेळा उठावे लागते, हे सारे नोंदवावे. शेवटचा प्रश्न घरातल्या सुनेला किंवा मुलीला बाजूला विचारावा, कारण सैनिक माणूस आपल्या शरीराची तक्रार सांगत नाही.

मग ट्रंक उघडायला सांगावी. डिस्चार्ज बुक, पदके, एखादा पिवळा पडलेला तुकडीचा फोटो बाहेर येतो आणि त्या फोटोतल्या ओळीवरून बोट फिरवत ‘हा गेला, हाही गेला’ असे आपोआप सुरू होते. ही वेळ वहीची आहे. गेलेल्या सोबत्याचे नाव, पलटण, कंपनी किंवा बॅटरी (तोफखान्याची तुकडी), युद्धाचे वर्ष, लढाईचे ठिकाण आणि आठवत असेल तर सैनिकी क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक मिळाला तर फार सोपे जाते, कारण सैन्याच्या कागदांत मराठी नावे इंग्रजी अक्षरांत आणि कधी आडनावाशिवाय नोंदलेली असतात, त्यामुळे एकाच नावाचे अनेक जण निघतात.

हे नाव निघण्यापूर्वीच शोधावे. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर हुतात्म्यांची नावे शोधण्याची सोय आहे. नाव सापडले तर त्याची छापील प्रत करून माजी सैनिकाच्या हाती द्यावी. नाव सापडले नाही तर तेही घरीच, सवडीने सांगावे. स्मारकावरील नावे स्वातंत्र्योत्तर काळातील आहेत आणि युद्धात किंवा लष्करी कारवाईत कामी आलेल्यांची आहेत. आजाराने किंवा कालांतराने गेलेला सोबती तिथे असेलच असे नाही. भिंतीपुढे उभे राहून नाव नसल्याचे कळणे फार क्रूर असते आणि आधी थोडे कष्ट घेतले तर ते टाळता येते.

ठिकाण निवडणे

ज्याला चार तासांहून अधिक प्रवास सोसवत नाही, त्याच्यासाठी नाशिकरोड कॅम्पमधील तोफखान्याचे संग्रहालय आहे. रणमैदान गाजवलेल्या तोफा आणि रेजिमेंटचा इतिहास तिथे पाहता येतो. २८ सप्टेंबर हा तोफखान्याचा ‘गनर्स डे’, कारण १८२७ साली याच दिवशी ५ बॉम्बे माउंटन बॅटरीची उभारणी झाली. जुन्या तोफचींसाठी त्या सुमारास भेट ठरवली तर तिला अर्थ येतो. लष्करी हद्दीत प्रवेशासाठी आधी पत्र द्यावे लागते आणि प्रत्येकाचे ओळखपत्र लागते, म्हणून महिनाभर आधी विचारणा करावी.

एका मुक्कामाच्या सहलीला पुणे योग्य आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले आणि १९९८ साली खुले झालेले सदर्न कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक तिथे आहे. रणगाडा दलातील मंडळी असतील तर अहिल्यानगरचे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय पाहण्यासारखे आहे. राज्यांतर्गत प्रवासात एसटीची अमृत ज्येष्ठ नागरिक योजना उपयोगी पडते. ७५ वर्षांवरील प्रवाशांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. मात्र साध्या एसटीत वाटेत हवे तेव्हा थांबता येत नाही, त्यामुळे पैसे असतील तर स्वतंत्र गाडी करावी, असा माझा सल्ला आहे.

दिल्लीबद्दल पुढे सविस्तर सांगतो. पंजाबच्या आघाडीवर लढलेल्यांना मात्र दिल्लीपेक्षा आपले रणांगण पाहण्याची ओढ अधिक असते. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत पॅटन रणगाडे उडवताना कामी आलेले परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांचे स्मारक खेमकरणजवळ आहे. अमृतसरला २०१६ साली पंजाब राज्याचे युद्धवीर स्मारक उभे राहिले असून त्याची ४५ मीटर उंचीची तलवार दुरूनही दिसते. नाशिकरोडहून पंजाब मेल थेट फिरोजपूरला जाते आणि तिथून सीमेवरचे हुसैनीवाला अगदी जवळ आहे. गाडी न बदलता जाता येणे ही वृद्धांसाठी फार मोठी सोय आहे, पण प्रवास दीड दिवसाचा असल्याने परतीपूर्वी दोन रात्रींची पूर्ण विश्रांती हवीच. अटारीचा संध्याकाळचा कवायतीचा सोहळा मी यादीतून वगळीन. गर्दी, पायऱ्या आणि उन्हातली ताटकळ ऐंशीच्या माणसाला झेपत नाही.

द्रासचे कारगिल युद्ध स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे. नाशिकच्या तोफचींना त्याची ओढ असणे स्वाभाविक आहे, कारण १९९९च्या विजयात तोफखान्याचा वाटा मोठा होता आणि ३० जुलै २०२२ रोजी तिथल्या ५१४० क्रमांकाच्या शिखराला ‘गन हिल’ हे नाव देण्यात आले. पण द्रास सुमारे ३,२८० मीटर उंचीवर आहे आणि श्रीनगरहून जाताना ३,५२८ मीटरची झोजी ला खिंड ओलांडावी लागते. २,५०० मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या वृद्धाला तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ही सहल कारगिलच्या पिढीसाठी, म्हणजे पन्नाशी-साठीतल्यांसाठी ठेवावी. जून ते सप्टेंबर हाच काळ निवडावा, श्रीनगर आणि सोनमर्ग येथे थांबत थांबत वर जावे आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय कोणालाही नेऊ नये. चुशूलजवळचे रेझांग लाचे स्मारक याहून बरेच उंच आहे. १९६२च्या पिढीला तिथे नेण्याचा विचार, मनात कितीही आदर असला तरी, सोडून द्यावा.

किती जण आणि सोबत कोण

अमेरिकेत २००५ साली अर्ल मोर्स यांच्या पुढाकाराने ओहायोतून सहा छोट्या विमानांतून १२ माजी सैनिकांना वॉशिंग्टनचे दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक दाखवायला नेले गेले आणि त्यातून ‘ऑनर फ्लाइट’ ही चळवळ वाढली. त्यांची एक पद्धत आपण जशीच्या तशी घ्यावी. प्रत्येक माजी सैनिकामागे एक धडधाकट सोबती असतो. सैनिकाला एक पैसाही द्यावा लागत नाही, सोबती मात्र आपला खर्च आपण करतो. पत्नीला सोबती म्हणून धरले जात नाही. त्यामागचा विचार योग्य आहे, कारण पंचाहत्तरीच्या काकूंनी ऐंशीच्या काकांना चाकाच्या खुर्चीवरून उचलावे ही अपेक्षा चुकीची आहे. आपल्याकडे काकू बरोबर येणारच आणि यायलाच हव्यात, पण त्यांनाही प्रवासी समजून त्यांच्यासाठी वेगळा सोबती द्यावा.

पहिल्या खेपेला आठ ते दहा ज्येष्ठांहून अधिक नेऊ नयेत. पन्नास जणांची बस भरली की फोटो चांगले येतात, पण स्वच्छतागृहापुढच्या रांगेतच तास जातो. सोबती निवडताना नातवंडांना प्राधान्य द्यावे आणि निघण्यापूर्वी त्यांना एक दिवस एकत्र बसवून चाकाची खुर्ची उतारावरून उलटी कशी उतरवावी, साखर कमी झाल्याची लक्षणे कोणती, ऐकू न येणाऱ्याशी समोर येऊन कसे बोलावे हे प्रत्यक्ष करून दाखवावे. ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, हेही त्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

पैसा आणि परवानगी

नोंदणीकृत संस्था नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी, गणेशोत्सव मंडळे घेतात तीच. याहून सोपा मार्ग म्हणजे आधीच नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेने वेगळा हिशेब ठेवून हा उपक्रम चालवणे. ८०-जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरही रोख २,००० रुपयांच्या वर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या देणग्या धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्याव्यात. अंदाजपत्रकात रेल्वेचे पूर्ण भाडे धरावे, कारण ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद करण्यात आली. अचानक एखाद्याला विमानाने परत आणावे लागले तर तेवढी रक्कम वेगळी राखून ठेवावी आणि ती इतर कशासाठीही वापरू नये.

देणगीदाराचा फलक स्मारकाच्या आवारात न्यायचा नाही आणि निवडणुकीच्या तोंडावर कोणाही इच्छुकाला झेंडा दाखवायला बोलवायचे नाही, या दोन अटी पैसे घेतानाच सांगाव्यात. यामुळे काही देणग्या जातील. जाऊ द्याव्यात.

आरोग्याची तयारी

निघण्याच्या महिनाभर आधी प्रत्येकाची तपासणी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी आणि एका पानावर आजार, औषधांची नावे व वेळा, ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी लिहून घ्यावा. या पानाच्या तीन प्रती कराव्यात: एक सैनिकाच्या खिशात, एक सोबत्याकडे, एक सोबतच्या डॉक्टरांकडे. औषधे प्रवासाच्या दिवसांहून चार दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिनसाठी थंड पेटी लागते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रवासात सारखे उठावे लागू नये म्हणून पुष्कळ वृद्ध आदल्या दिवसापासून पाणी तोडतात आणि लघवी होण्याची गोळी आपणहून बंद करतात. मग दुसऱ्या दिवशी चक्कर, सुजलेले पाय किंवा धाप सुरू होते आणि सगळे जण गाडीच्या जेवणाला दोष देत बसतात. दर दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा वेळापत्रकात छापून दिला आणि तो पाळला, तर ही भीती उरत नाही.

ईसीएचएस कार्ड मूळ प्रतीसह बरोबर असावे. दिल्लीत आणि पंजाबात योजनेची पॉलिक्लिनिक आणि संलग्न रुग्णालये आहेत. मुक्कामाजवळची रुग्णालये आधीच शोधून यादी करावी. तातडीच्या वेळी संलग्न नसलेल्या रुग्णालयात दाखल करावे लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे, नाहीतर बिलाच्या परताव्याला अडचण येते.

दिल्लीची सहल, प्रत्यक्षात

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चची सुरुवात सर्वांत बरी. नोव्हेंबरात दिल्लीची हवा दमेकऱ्यांना सोसत नाही, जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनामुळे इंडिया गेटच्या परिसरात निर्बंध असतात. नाशिकरोडहून संध्याकाळी राजधानी एक्सप्रेस पकडली की सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरता येते आणि एकाच रात्रीचा प्रवास होतो. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. खालच्या बर्थचा ज्येष्ठ नागरिक कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर लागू होतो, त्यामुळे सहा जणांचे एकत्र तिकीट न काढता दोघादोघांची तिकिटे काढावीत. गाडी नाशिकरोडला मोजकी मिनिटेच थांबते. म्हणून फलाट, डब्याची जागा आणि लिफ्ट चालू आहे की नाही, हे दोघांनी आदल्या दिवशी जाऊन पाहून यावे.

पोहोचल्या दिवशी काहीही ठरवू नये. आंघोळ, गरम जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आपापल्या गेलेल्या सोबत्याच्या नावाचा कागद पुन्हा पाहणे, एवढे पुरे. लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहायचा मोह संयोजकांनाच अधिक होतो, तो आवरावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हे कलल्यावर स्मारकात जावे. प्रवेश विनामूल्य आहे. स्मारकाची रचना चार वर्तुळांची आहे: मध्यभागी स्तंभ आणि ज्योत असलेले अमरचक्र, लढायांची कांस्यशिल्पे असलेले वीरताचक्र, ग्रॅनाइटच्या शिळांवर २५,००० हून अधिक नावे असलेले त्यागचक्र आणि झाडांचे रक्षकचक्र. सर्वांना एका रांगेत फिरवून माहिती देत बसू नये. प्रत्येक सैनिकाला, मदतीला दिलेल्या सोबत्यासह, थेट त्याला हव्या असलेल्या नावाच्या शिळेकडे न्यावे. नावाची जागा दाखवणारी यंत्रे आवारात आहेत, पण एका स्वयंसेवकाने सकाळीच जाऊन सगळ्या जागा पाहून ठेवल्या तर उत्तम. तिथे पोहोचल्यावर सोबत्याने दोन पावले मागे व्हावे. कोणी नावावरून हात फिरवतो, कोणी ताठ उभे राहून सलामी देतो, कोणी मोठ्याने बोलू लागतो. किमान अर्धा तास काहीही ठरवलेले नसावे. घडीची खुर्ची आणि पाणी जवळ असावे, माईक आणि कॅमेरा दूर असावा. चित्रण करायचेच असेल तर त्याची लेखी संमती घरच्या भेटीतच घेतलेली असावी.

त्यानंतर परमवीर चक्र विजेत्यांचे अर्धपुतळे असलेले परम योद्धा स्थळ पाहावे आणि ज्यांना बसवेल त्यांनी संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत थांबावे. त्या वेळी हुतात्म्यांच्या निकटच्या नातेवाइकांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण केले जाते. आपल्याबरोबर वीरनारी असतील तर त्यांच्यासाठी काही आठवडे आधी स्मारकाकडे लेखी विनंती करावी.

परतल्यानंतर

सहलीनंतरच्या पंधरवड्यात झोप उडणे, जुनी स्वप्ने पडणे, विनाकारण चिडचिड होणे किंवा एकदम गप्प होणे असे काहींच्या बाबतीत घडते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ते घाबरणार नाहीत. आठव्या दिवशी सोबत्याने घरी जाऊन भेटावे आणि महिन्यानंतर पुन्हा जावे. त्रास टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

नावांच्या शिळांचे फोटो मोबाइलवर पाठवून थांबू नये. कागदावर छापून, मागे पलटण आणि वर्ष लिहून द्यावेत. एक प्रत सैनिकाला आणि पत्ता मिळाला तर एक त्या हुतात्म्याच्या घरी द्यावी. जे प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत त्यांच्या हुतात्मा सोबत्यांची नावेही त्याच फेरीत शोधून त्यांचे फोटो आणावेत आणि ते घरी जाऊन हातात द्यावेत. खर्चाचा हिशेब महिन्याच्या आत सर्व देणगीदारांना लेखी पाठवावा आणि उरलेली रक्कम पुढच्या तुकडीच्या खात्यावर जमा करावी, कारण प्रतीक्षेतली नावे तोवर वाढलेली असतात आणि त्यांत सर्वांत वयस्कर जो असेल त्याची खेप आधी लावायला हवी.